ग्राहकाचे ऐकावयास शिकविणारी विद्या

‘बोलणाऱ्याची बोरे खपतात’ ही म्हण मराठी मध्यमवर्गाने नेहमी काहीशा तुच्छतेनेच उच्चारली आहे. माल चोख असावा, त्याविषयी फार बोलू नये आणि शक्यतो तो विकण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, अशी या वर्गाची धारणा. मुंबईच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी वाढविलेल्या ठाणे, डोंबिवली, कल्याण या शहरांत ती अधिक खोल रुजली, यात नवल नाही. याच शहरांतील चाकरमान्यांची मुले-मुली आज विपणनाचा, म्हणजे मार्केटिंगचा, अभ्यास करीत आहेत. ‘पुढे नोकरी लागेल ना?’ हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. परंतु या अभ्यासाने विद्यार्थी माणूस म्हणून किती वाढतो, हा दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असूनही तो क्वचितच विचारला जातो.

हा विषय मुंबई विद्यापीठाला नवा नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचे दार पदवीधरांना, आणि त्यांतील मोजक्यांनाच, उघडे होते. १९९९ मध्ये विद्यापीठाने व्यवस्थापन अभ्यासाची पदवी, अर्थात बीएमएस, सुरू केली आणि बारावी झालेल्या विद्यार्थ्यालाही ही वाट मोकळी झाली. १९६९ चे ठाण्याचे जोशी-बेडेकर, १९७२ चे कल्याणचे बिर्ला अशा महाविद्यालयांमुळे उच्च शिक्षण घराजवळ आलेच होते. वाणिज्य शाखेच्या पदवीतही विपणन आणि जाहिरात या विषयांना जागा मिळाली. २०२४ पासून व्यवस्थापन पदवीच्या प्रवेशासाठी राज्य पातळीवरील सामाईक परीक्षा आली. थोडक्यात, प्रवेश कोणाला द्यावा याचा विचार पुष्कळ झाला. प्रवेश घेतलेल्याचे पुढे काय घडावे, याचा मात्र तितकासा झाला नाही.

वस्तुतः विपणन आणि विक्री एक नव्हे. उद्योगाचे प्रयोजन ग्राहक निर्माण करणे हे होय, असे पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्येच मांडले. १९६० मध्ये थिओडोर लेव्हिट यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांचे उदाहरण दिले. आपला व्यवसाय आगगाड्या चालविण्याचा आहे, असे त्या समजत राहिल्या. तो लोकांची आणि मालाची वाहतूक करण्याचा आहे, हे त्यांनी ओळखले नाही आणि त्यांचा ग्राहक मोटारी व विमानांकडे वळला. विक्री करणारा आपल्या मालाकडे पाहतो, विपणन करणाऱ्याने समोरच्याच्या गरजेकडे पाहावयाचे असते, हे त्यातील मर्म. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये कसेबसे पाय ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला या उदाहरणाची दुसरी बाजूही सहज कळावी. ग्राहकाला पर्यायच नसेल, तर त्याच्या गैरसोयीची दखल घेण्याची निकड विक्रेत्याला वाटत नाही. मक्तेदारीचा हा धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा फलाटावर अधिक लवकर पाठ होतो.

या विद्येतील खरे संस्कार घडतात ते वर्गात नव्हे, बाजारपेठेच्या पाहणीत. प्रश्नावली हाती घेऊन ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर उभे राहावयाचे, अनोळखी माणसाला थांबवावयाचे, त्याचा नकार हसतमुखाने घ्यावयाचा आणि पुढच्याकडे वळावयाचे, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. घराबाहेरच्या माणसाशी कामाविना कधी न बोललेल्या मुलीला, अथवा मराठी माध्यमातून आल्याने इंग्रजी बोलण्याचा धसका घेतलेल्या मुलाला, पहिला दिवस जड जातो. पण दुकानदार आणि गृहिणी यांना इंग्रजीची नव्हे, तर आपुलकीने विचारलेल्या प्रश्नाची अपेक्षा असते, हे त्यांना लवकरच उमगते. भाषेचा न्यूनगंड तेथेच गळू लागतो. त्याहून मोठा लाभ म्हणजे, आपला तर्क एक आणि लोकांचे उत्तर दुसरेच, असा अनुभव पुनःपुन्हा आल्याने स्वतःच्या मताविषयीचा अहंकार कमी होतो. आपले चुकले असे पुराव्यानिशी मान्य करण्याची सवय लावणारे विषय पदवीच्या अभ्यासक्रमात फार थोडे आहेत.

दुर्दैवाने नेमकी हीच पाहणी अनेकदा कागदावर उरकली जाते. शंभर जणांच्या मुलाखती घेतल्याचे दाखवावयाचे आणि मुदतीच्या आदल्या रात्री घरबसल्या उत्तरे भरावयाची. आधीच्या वर्षीचा अहवाल नाव बदलून सादर करावयाचा. गुण मिळतात, पदवीही मिळते. मात्र यात विद्यार्थी केवळ विद्यापीठाला फसवीत नाही. जो ग्राहक अस्तित्वातच नाही त्याच्या तोंडी आपल्याला हवे ते उत्तर घालावयाचे, ही सवय त्याला जडते. हीच सवय पुढे व्यवसायात उतरली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण साऱ्यांना ठाऊक आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या सादर करून या इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळविण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांत घर घेतलेल्या कुटुंबांवर आकाश कोसळले. दोष बनावटगिरी करणाऱ्यांचा, हे उघड आहे. तथापि घर विकत घेणाऱ्याला जे ठाऊक नसते ते विकणाऱ्याला ठाऊक असते, आणि माहितीच्या या विषमतेने बाजाराचाच पाया खचतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. अशा शहरात विपणन शिकणाऱ्याने आपली विद्या ही विषमता वाढविण्यासाठी वापरावयाची की कमी करण्यासाठी, याचा निर्णय विद्यार्थिदशेतच करावयास हवा.

त्यासाठी ग्राहकाच्या बाजूनेही बाजार शिकविला पाहिजे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्रित खरेदी करण्याची पद्धत रुजविली. मागणी आधी नोंदवून घ्यावयाची आणि मग माल आणावयाचा, हे विपणनाचे मूलतत्त्वच कोणतीही पदवी नसलेल्या गृहिणींनी तेथे अमलात आणले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मान्य केलेल्या आणि २०१९ च्या कायद्यानेही कायम ठेवलेल्या हक्कांत आपले म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क आहे. हा कायदा वाचणे, ग्राहक आयोगाचे कामकाज एकदा तरी पाहणे आणि प्रत्यक्ष केलेल्या पाहणीची अध्यापकांनी काटेकोर तपासणी करणे, या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. पाहणीचा निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध निघाला तरी तो जसाच्या तसा मांडणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत. प्रामाणिकपणाचे शिक्षण देण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

नोकऱ्यांचे स्वरूप बदलेल, आजची तंत्रे उद्या जुनी होतील. समोरच्याचे पूर्ण ऐकून घेण्याची शिस्त तेवढी जुनी होणार नाही. बोलणाऱ्याची बोरे एकदा खपतात; गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते ते ऐकणाऱ्याकडे. ठाणे-कल्याणच्या महाविद्यालयांनी एवढे जरी आपल्या विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविले, तरी पालकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आपोआप मिळेल.