मोटारीचा वेग आणि ब्रेकची उष्णता

धुळ्याहून इंदूरकडे जाणारा मुंबई–आग्रा महामार्ग शिरपूर तालुक्यातील पळासनेर ओलांडल्यावर बिजासन घाटाने सातपुड्यात शिरतो. चाळीसगावाहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता औट्रम घाटाने कन्नडच्या पठारावर चढतो. हे घाट उतरताना जुने मालमोटारचालक एक नियम पाळतात : ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. हा नियम मोडल्याची किंवा यंत्र बिघडल्याची किंमत केवढी असते, हे खानदेशास ठाऊक आहे. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेल्या मालवाहू वाहनाने वाटेतील वाहनांना धडक दिली, त्यात किमान १० माणसे मृत्युमुखी पडली.

रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर प्रथमच नेणाऱ्या मालकापुढेही मुळात हाच प्रश्न असतो. धुळे-जळगावच्या मोटारधारकास अशा मार्गासाठी चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टाई, कोइमतूर किंवा २०११ साली सुरू झालेला ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मार्ग गाठावा लागतो. निघण्यापूर्वी एंजिनाची शक्ती वाढविण्याकडे पुष्कळांचे लक्ष जाते. वस्तुतः पूर्वतयारीचा मोठा भाग उष्णतेच्या बंदोबस्ताचा आहे.

ब्रेक गती नाहीशी करीत नाही; तो गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी १४४ किलोमीटरवरून ७२ किलोमीटरवर आणली, तर ७ लक्ष २० हजार जूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने सुमारे अडीच किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापेल. यातील सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर आला आणि तेथील प्रत्येक लोखंडी डिस्क ८ किलोची असली, तर एका ब्रेकसरशी डिस्कचे तापमान जवळजवळ ७० अंशांनी वाढते. तीच मोटार ३०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरविल्यास सुमारे ३५ लक्ष जूल उष्णता निर्माण होते. म्हणजे पाच वेळा असा ब्रेक लावणे आणि एक घाट उतरणे ही जवळपास सारखीच. घाट उतरावयास काही मिनिटे लागतात. बंदिस्त मार्गावर मात्र असे पाच-सहा प्रसंग दोन-अडीच मिनिटांच्या एका फेरीत येतात, आणि लगेच दुसरी फेरी सुरू होते. मधल्या अवधीत वारा डिस्क निववितो खरा, परंतु पुरेसा नव्हे.

या उष्णतेने ब्रेक दोन प्रकारे दगा देतात. पहिल्या प्रकारात पॅडचे घर्षण कमी होते. पेडल घट्ट लागते, पण मोटार थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाशी जाते. कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. नेहमीचे ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे. ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन पावसाळे पाहिलेले ऑइल रस्त्यावर निमूट काम करते आणि चौथ्या फेरीत उकळते, याचे कारण हेच. म्हणून जाण्यापूर्वी ते पूर्णपणे बदलावे, नळ्यांतील हवा काढावी आणि झिजलेले पॅड नवे बसवावेत.

टायरांतील हवेलाही हाच न्याय लागू आहे. ३० अंश तापमानास दर चौरस इंचास ३२ पौंड हवा भरली आणि ती हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर दाब ४० पौंडांच्या घरात जातो आणि पकड बिघडते. जळगावच्या मे महिन्यात तर आरंभच ४५ अंशांच्या आसपास होतो. यास्तव फेऱ्या संपताच दाब मोजून जास्तीची हवा काढावी. मात्र परतीपूर्वी टायर निवल्यावर ती पुन्हा भरावी. एंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असावे. तीव्र वळणावर ते एका बाजूस सरकते. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासावेत आणि मोटारीतील सुटे सामान बाहेर काढावे. नेहमीच्या विमापत्रातून शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते, याची जाणीव ठेवावी.

प्रत्यक्ष चालविताना पहिली फेरी यंत्र तापण्यासाठी आणि शेवटची ते निवण्यासाठी सोडावी. मोटार उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, तिला गिअरमध्ये ठेवून चाकाखाली उटी लावावी. तापलेल्या डिस्कवर दाबून राहिलेला पॅड तिला हानी करतो.

शेवटची तपासणी मात्र परतीच्या वेळची. नोएडाहून धुळ्यास येणारी मोटार सेंधवा सोडल्यावर बिजासन घाट उतरते. मार्गावर झिजलेले पॅड आणि एकदा उकळलेले ऑइल तिच्याबरोबरच घाटात येतात. बंदिस्त मार्गावर ब्रेक चुकल्यास पुढे मोकळी जागा असते. घाटाच्या पायथ्याशी पळासनेरची वस्ती आहे. पॅड पाहून व ऑइल बदलूनच तेथून निघावे.