कोरोनात परीक्षा ऑनलाइन झाल्या, पण कबड्डी कशी होणार? कॉलेजच्या खेळाडूंची दोन वर्षं अशी गेली

शीव (मुंबई) : गावाकडची हुशार पोरं शिकायला मुंबईत जातात, तेव्हा शीव-माटुंगा पट्ट्यातल्या कॉलेजांची नावं हमखास निघतात. शीवचं एसआयईएस, माटुंग्याचं रुईया, खालसा. इथं प्रवेश मार्कांवर. ज्याचे मार्क थोडे कमी पण खेळ चांगला, त्याला खेळाचं प्रमाणपत्र आधार देतं. कोरोनाने नेमका हाच आधार काढून घेतला.

मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली. 1 एप्रिलला शीवला लागून असलेल्या धारावीत पहिला रुग्ण सापडला. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय कोरोना रुग्णांनी भरून गेलं. तिथंच वैद्यकीय कॉलेजही आहे. अशा वेळी स्पर्धेचा विषय कोण काढणार?

अभ्यास चालू, खेळ बंद

तास मोबाईलवर आले, परीक्षाही आल्या. खेळाला ती सोय नव्हती. गावी परतलेला पोरगा बांधावरून धावू शकतो, दंडबैठका मारू शकतो. पण कबड्डीला समोर सात गडी लागतात. अंगाला अंग भिडतं, तोंडाने दम चालू असतो. म्हणजे कोरोनात जे टाळायचं, तोच हा खेळ.

लोकलची अडचण

15 ऑगस्ट 2021 पासून लोकल दोन डोस घेतलेल्यांना खुली झाली, तीही दुसऱ्या डोसनंतर 14 दिवसांनी. पण 18 वर्षांवरच्या तरुणांचं लसीकरणच 1 मे 2021 ला सुरू झालं होतं, अन् लशीचा तुटवडा होता. 15 ते 18 वयोगटाला तर जानेवारी 2022 मध्ये लस मिळाली. सरावाला जायचं तरी कसं?

नुकसानीचा हिशोब

पदवी तीन वर्षांची. जून 2019 मध्ये प्रवेश घेतलेल्याला पहिला हंगाम मिळाला. 2020-21 पूर्ण कोरोनात गेलं. तिसऱ्या वर्षी कॉलेजं 20 ऑक्टोबर 2021 ला उघडली, जानेवारी 2022 मध्ये पुन्हा बंद झाली. तीन वर्षांत धड एकच हंगाम! खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा 2020 च्या सुरुवातीला भुवनेश्वरला झाल्या, त्यानंतरच्या थेट एप्रिल 2022 मध्ये बंगळुरूला.

अमेरिकेतही हेच झालं. हार्वर्ड, येलसारख्या आठ नामांकित विद्यापीठांच्या आयव्ही लीगने 2020-21 मध्ये स्पर्धाच घेतल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र पदवी झालेल्या खेळाडूंना एकदाच खेळायची सवलत दिली, एरवी तिथं ती मिळत नाही.

गावाला याचं काय?

राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ते नुसतं खेळून मिळत नाही, ठरलेल्या स्पर्धेतली कामगिरी कागदावर लागते. स्पर्धा नाही तर कागद नाही, कागद नाही तर अर्ज नाही. पुस्तकातला राहिलेला धडा नंतर वाचता येतो, वय मात्र थांबत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे आधीची प्रमाणपत्रं आहेत त्यांनी ती जपून ठेवावीत. क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून त्यांची पडताळणी वेळेत करून घ्यावी. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी जाहिरात नीट वाचावी.