चहाची पाने आणि डोळ्याचा पडदा

वाईहून मेणवलीस जाऊन ज्यांनी नाना फडणविसांचा वाडा पाहिला असेल, त्यांस हे सांगावयास नको की त्या मुत्सद्द्याचा सारा कारभार दूरदूरच्या वकिलांकडून येणाऱ्या पत्रांवर चाले, आणि जासूद वाटेत खोळंबला म्हणजे वकिलाचे पत्र कितीही मोलाचे असो, ते मिळेपर्यंत वाड्यातल्या माणसाला काहीच दिसत नसे. डोळ्याचा कारभारही याच मासल्याचा आहे. डोळ्याच्या आतल्या ज्या पडद्यावर प्रकाश उमटतो तो अर्धा मिलिमीटरही जाड नसतो. तेथील वार्ता मेंदूपर्यंत पोहोचविण्याचे काम पडद्यातील गुच्छिका-पेशी नावाच्या पेशींच्या सुमारे १० लाख तंतूंकडे असते, आणि या तंतूंच्या जुडीस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली वाईतच आकारास आलेल्या विश्वकोशाच्या परिभाषेत तंत्रिका, आणि डोळ्याच्या या तंत्रिकेस दृक्‌तंत्रिका म्हणतात.

विटी डोळ्यावर बसली, किंवा पडद्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटला, तर ज्या पेशी तत्काळ मरतात त्या मरतातच. परंतु खरी नासधूस पुढल्या काही तासांत आणि दिवसांत होते, कारण जखमी पेशींतून सुटलेली ग्लुटामेटासारखी द्रव्ये आणि प्राणवायूचे उच्छृंखल रेणू शेजारच्या धडधाकट पेशींवर धाड घालतात, आणि मेलेली गुच्छिका-पेशी पुन्हा उगवत नाही.

या धाडीचा बंदोबस्त चहाच्या पानांतील कॅटेचिन नावाची द्रव्ये करू शकतील काय, हा प्रश्न आहे. मिचियो त्सुजिमुरा या जपानी विदुषीने १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले. २०१० साली हाँगकाँगच्या संशोधकांनी उंदरांना हिरव्या चहाचा अर्क पाजून पाहिले, तेव्हा ही द्रव्ये डोळ्यात खरोखर पोहोचलेली आढळली. पडद्यात गॅलोकॅटेचिन सर्वांत अधिक भरले होते, आणि या द्रव्यांचा संरक्षक परिणाम २० तासांपर्यंत टिकला. दृक्‌तंत्रिका चिमटीत दाबून इजा केलेल्या उंदरांतही हिरव्या चहातील प्रमुख कॅटेचिन दिल्यावर अधिक गुच्छिका-पेशी वाचल्या.

एवढे वाचून कोणी चुलीवर आधण ठेवावयास धावेल, तर त्यास थांबविणे भाग आहे. आपली दाणेदार चहापूड कारखान्यात चिरडून आंबविलेली असते, त्या क्रियेत बहुतेक कॅटेचिनांचे रूपांतर होऊन जाते, आणि उरल्यासुरल्यांना दुधातील प्रथिने बिलगतात. आले-वेलची घालून उकळलेल्या त्या पेयाची गोडी मी नाकारीत नाही, परंतु ते औषध नव्हे. अर्काच्या गोळ्याही निर्धोक नाहीत: दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक हेच प्रमुख कॅटेचिन गोळ्यांवाटे घेतल्यास यकृतास इजा झाल्याची चिन्हे रक्तात दिसू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली बजावले आहे. शिवाय जखमी डोळ्याच्या मनुष्यास चहाने दृष्टी राखता येते, असा दाखला अद्याप कोणापाशी नाही.

तेव्हा डोळ्याला मार लागल्यावर विजेसारख्या लकेरी चमकू लागल्या, काळे ठिपके तरंगू लागले, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर दुखत नाही म्हणून घरी न बसता त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे.