शंका प्राध्यापकांची, उत्तर आकड्यांचे

लस टाळणारा माणूस म्हणजे अशिक्षित, अंधश्रद्ध किंवा दुर्गम पाड्यावर राहणारा, असे एक चित्र शहरी मनात पक्के बसले होते. करोनाच्या साथीने ते पुसून टाकले. २०२१ मध्ये लस उपलब्ध होऊनही ‘थोडे थांबून पाहू’ असे म्हणणाऱ्यांत महाविद्यालयांत शिकविणारे, स्वतः संशोधन केलेले प्राध्यापकही होते. ही शंका अज्ञानातून आलेली नव्हती. म्हणूनच तिचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये लसविषयक संकोचाची तीन कारणे मांडली : विश्वासाचा अभाव, आजाराविषयीची बेफिकिरी आणि गैरसोय. शेतमजुराला गैरसोय आडवी येते. लसीकरण केंद्रावर जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. प्राध्यापकाचा प्रश्न मुख्यतः विश्वासाचा असतो. पुरावा मागणे हा त्याच्या पेशाचाच भाग आहे.

२०२१ मधील त्यांचे प्रश्न निराधारही नव्हते. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी मर्यादित आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते. त्यावर शंका घेणे शास्त्रीय वृत्तीला धरूनच होते. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि लक्षणे असलेल्या आजाराविरुद्ध लशीची परिणामकारकता ७७.८ टक्के असल्याचे स्पष्ट झाले. प्रश्नाला उत्तर मिळाले होते. ते न तपासता जुनीच शंका कवटाळून बसले, की चिकित्सेचे रूपांतर संकोचात होते.

दुसरा प्रश्न कोव्हिशिल्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा. हा दुष्परिणाम खरा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तज्ज्ञ समितीला अशी २६ संभाव्य प्रकरणे आढळली आणि त्यांचे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके होते. हा धोका आणि लस न घेता करोना होण्याचा धोका एकाच तराजूत तोलायला हवेत. माणसाचे मन येथे चकते. स्वतःच्या कृतीतून होणारे नुकसान त्याला काहीही न केल्यामुळे होणाऱ्या नुकसानापेक्षा अधिक बोचते. पदवीने हा दोष जात नाही. उलट, युक्तिवादात तरबेज असलेली व्यक्ती आधीच घेतलेल्या निर्णयासाठी अधिक सफाईने कारणे शोधू शकते.

प्राध्यापकाचा संकोच केवळ त्याच्यापुरता राहत नाही. २० ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्रत्यक्ष वर्ग पुन्हा सुरू झाले, तेव्हा अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना लशीच्या दोन्ही मात्रांची अट होती. वर्गात ‘सरांनीच अजून घेतलेली नाही’ एवढे एक वाक्यही पुरेसे असते.

मग उपाय सक्तीचा की संवादाचा? सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्याच्या निकालात सांगितले, की कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. त्याच वेळी न्यायालयाने सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी ठरविले नाही आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली करण्यास सांगितले. मर्म या शेवटच्या मुद्द्यात आहे. शंकेखोर सुशिक्षिताला घोषणेने नव्हे, तर आकडेवारीने जिंकता येते.

पारदर्शकता नसेल तर काय होते, हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लशीच्या उदाहरणावरून दिसते. आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये २००९ मध्ये सुरू झालेला तिचा प्रकल्प सात मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये थांबविण्यात आला. चौकशीत हे मृत्यू लशीमुळे झाल्याचे आढळले नाही. परंतु आंध्र प्रदेशात अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचे उघड झाले. विश्वासाला तडा गेला तो लशीच्या दोषाने नव्हे, तर न विचारता घेतलेल्या निर्णयाने.

आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही एचपीव्ही लस ९ ते २६ वर्षे वयोगटासाठी मान्यताप्राप्त आहे. महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थिनी याच वयोगटातील आहेत. या लशीबद्दल त्या आपल्या शिक्षिकेला विचारतील, तेव्हा ‘घ्याच’ किंवा ‘नकोच’ यापेक्षा फायदा किती, धोका किती आणि तो कशाच्या तुलनेत, एवढे सांगता आले तरी पुष्कळ आहे. त्यासाठी शिक्षकांनी आधी स्वतःच्या शंकेचे उत्तर शेवटपर्यंत शोधलेले असावे लागेल.