निळ्या रेषेवरचा माणूस

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, जॉर्जियन उपसागराच्या काठी पॅरी साउंड नावाचं लहानसं गाव आहे. १९६२च्या सुमारास तिथल्या एका साध्या घराला बाहेरून नवा गिलावा झाला. पैसे घरमालकाने दिले नव्हते. ते दिले होते बॉस्टन ब्रुइन्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी संघाने. घरमालक डग ऑर स्फोटकांच्या कारखान्यात कामाला होते, पत्नी आर्वा उपाहारगृहात काम करत. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाने ब्रुइन्सच्या करारावर सही केली, तेव्हा थोड्या रोख रकमेबरोबर घराचा गिलावाही ठरला होता. त्या काळी अशी सही झाली की मुलगा त्या संघाचा झाला. दुसऱ्या संघाशी बोलण्याची सोय उरत नसे.

मुलाचं नाव बॉबी ऑर. ब्रुइन्सच्या माणसांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते १९६१मध्ये, तो बारा-तेरा वर्षांचा असताना. खरं तर ते दुसऱ्याच दोन मुलांना पाहायला आले होते. सामना संपला तेव्हा ती दोघं बाजूलाच राहिली आणि वह्यांमध्ये या किरकोळ अंगाच्या बचावपटूचं नाव लिहिलं गेलं.

मागे राहण्याचं काम

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात आणि हिरवळ दिसते. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फच. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद रिंक, आणि प्रत्येक संघाचे सहाजण: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे खेळाडू. चेंडूऐवजी पक असतो, म्हणजे टणक रबराची तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती. बर्फावर तो उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळ इतका दमवणारा की पाऊणएक मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाकावर येऊन दुसऱ्याला आत सोडायचं.

रिंकवर आडव्या आखलेल्या दोन निळ्या रेषा बर्फाचे तीन भाग करतात. बचावपटूचं सगळं आयुष्य या रेषांभोवती जातं. आपल्या गोलासमोर प्रतिस्पर्ध्याला रेटायचं, वेगाने येणारा पक अंगावर झेलायचा आणि ताब्यात आला की आघाडीवाल्याकडे सोपवायचा. आपला संघ चढाईवर असेल तर बचावपटू समोरच्यांच्या निळ्या रेषेवर उभा राहतो आणि पक बाहेर निसटू देत नाही. तिथून पुढे झेपावलं आणि पक हुकला, तर पाठीमागे मोकळा बर्फ आणि एकटा गोलरक्षक. म्हणून पिढ्यानपिढ्या प्रशिक्षक बचावपटूंना एकच सांगत आले: मागे राहा.

ऑरला हे कुणी पटवून देऊ शकलं नाही. चौदाव्या वर्षी तो ओशावा जनरल्स या कनिष्ठ संघाकडून त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलांशी खेळायला लागला. पहिल्या हंगामात तो घरीच राहत असे, सामन्यांसाठी आईवडील त्याला तासन्‌तास गाडीने घेऊन जात. आपल्या गोलामागे पक घ्यायचा आणि सगळ्यांना चुकवत थेट दुसऱ्या टोकाला न्यायचा, ही सवय त्याला लहानपणी गोठलेल्या पाण्यावर खेळतानाच लागली होती. तिथे पन्नास पोरांत पक एकच. एकदा मिळाला की सोडायचा नाही!

आकड्यांची उलथापालथ

१९६६मध्ये अठराव्या वर्षी तो नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला. ब्रुइन्सची अवस्था तेव्हा दयनीय होती. त्या मोसमातही ते तळालाच राहिले, पण सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक ऑरला मिळाला. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सच्या हॅरी हॉवेलला मिळाला. तो घेताना हॉवेल बोलून गेला की याच वर्षी मिळाला हे बरं झालं, यापुढे तो ऑरचाच होणार. अंदाज अचूक निघाला. १९६८पासून १९७५पर्यंत सलग आठ वर्षं नॉरिस ऑरकडेच गेला.

हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याआधी पक पुरवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना प्रत्येकी एक. हे गुण मिळवणं आघाडीवाल्यांचं काम समजलं जाई. एका हंगामात बचावपटूने केलेल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम २०चा होता आणि तो १९४५पासून टिकून होता. ऑरने १९६८-६९मध्ये २१ गोल केले. पुढच्या हंगामात १२० गुण मिळवून तो संपूर्ण लीगमध्ये पहिला आला. बचावपटू गुणतक्त्याच्या माथ्यावर हे त्याआधी कधी घडलं नव्हतं. १९७४-७५मध्ये त्यानेच ते पुन्हा केलं, तेव्हा गोल ४६ आणि गुण १३५ होते.

पण मूळ काम गोल वाचवण्याचं, त्याचं काय? त्याचाही हिशोब ठेवतात. खेळाडू बर्फावर असताना समसमान संख्येच्या खेळात आपल्या संघाने केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे. १९७०-७१मध्ये ऑरचा हा आकडा अधिक १२४ होता. तो आजही कुणाला गाठता आलेला नाही. त्याच हंगामातले १३९ गुण हाही बचावपटूंमधला आजवरचा विक्रम आहे. प्रतिस्पर्ध्यांना गोल करता येत नव्हते याचं कारण सरळ होतं: पक त्यांना मिळतच नव्हता. संघातला एखादा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, जिथे बाकीचे बचावपटू पक लांब फेकून सुटकेचा श्वास घेतात, तिथे ऑर तो स्टिकला चिकटवून रिंकभर फिरवत वेळ काढायचा.

ब्रुइन्सने १९४१नंतर पहिल्यांदा लीगच्या विजेत्याचा स्टॅनले कप जिंकला तो १९७०मध्ये आणि पुन्हा १९७२मध्ये. दोन्ही वेळा निर्णायक गोल ऑरचा. १९७० ते १९७२ सलग तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

डावा गुडघा

या सगळ्याची किंमत डावा गुडघा चुकवत होता. पहिल्याच हंगामात त्याला इजा झाली. वेगाने पुढे झेपावणाऱ्या बचावपटूवर धडका बसणारच, आणि ऑर धडक टाळण्यासाठी वेग कमी करणाऱ्यांतला नव्हता. आज दुर्बिणीतून, बारीक छेद घेऊन गुडघ्याची शस्त्रक्रिया होते, फाटलेली कूर्चा शक्यतो सांधतात. तेव्हा गुडघा उघडून कूर्चा काढून टाकणं हाच उपाय होता. ती गेली की हाडावर हाड घासतं. एकामागून एक शस्त्रक्रिया होत राहिल्या, त्यांची संख्या डझनावर गेली.

कॅनडाची १९७२ची सोव्हिएत संघाविरुद्धची गाजलेली मालिका तो गुडघ्यामुळे खेळू शकला नाही. १९७५-७६मध्ये त्याच्या वाट्याला फक्त दहा सामने आले. तरी १९७६च्या सप्टेंबरमध्ये तो कॅनडा कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी उतरला. कॅनडा जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला लंगडणारा ऑर.

त्याच वर्षी तो बॉस्टन सोडून शिकागोला गेला. त्याचा प्रतिनिधी ॲलन ईगलसन याच्यावर ऑरचा भावासारखा विश्वास होता. ब्रुइन्सने ऑरला थांबवून ठेवण्यासाठी संघाच्या मालकीत साडेअठरा टक्के वाटा देऊ केला होता. ही गोष्ट ईगलसनने आपल्याला सांगितलीच नाही, असं ऑर पुढे सांगत आला. शिकागोकडून तो जेमतेम २६ सामने खेळला. खेळत नाही तर पगार कसला घ्यायचा, म्हणून त्याने पगाराचे धनादेश वटवले नाहीत. नोव्हेंबर १९७८मध्ये, तिशीत, त्याने खेळ सोडला. ६५७ सामने, २७० गोल, ९१५ गुण. पैशांचा हिशोब तपासला तेव्हा कळलं की हाती जवळजवळ काहीच उरलेलं नाही.

जानेवारी १९७९मध्ये बॉस्टनने त्याची चार नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. टाळ्या थांबेनात म्हणून कार्यक्रम खोळंबला. हॉकीच्या हॉल ऑफ फेमने निवृत्तीनंतरची सक्तीची प्रतीक्षा माफ करून एकतिसाव्या वर्षी त्याला सामावून घेतलं. ईगलसनला खेळाडूंच्या फसवणुकीबद्दल १९९८मध्ये कैद झाली. त्याला हॉल ऑफ फेममध्ये ठेवणार असाल तर आम्ही बाहेर पडतो, असं सांगणाऱ्यांत ऑर होता. अखेर ईगलसनलाच बाहेर पडावं लागलं. त्याआधीच ऑरने खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून दुसरा डाव मांडला होता. आजचा अव्वल खेळाडू कॉनर मॅकडेविड पौगंडावस्थेत त्याच्याच संस्थेकडे आला.

पुतळ्यात नसलेला क्षण

बॉस्टनच्या टीडी गार्डनबाहेर २०१०पासून ऑरचा पुतळा आहे: हात पसरून हवेत आडवा झालेला. स्टॅनले कप जिंकून देणाऱ्या १० मे १९७०च्या गोलानंतर रे लुसिए या वृत्तपत्र छायाचित्रकाराने टिपलेल्या क्षणाचा तो पुतळा. जादा वेळेची ४० सेकंदं झाली होती. उकाडा असह्य म्हणून दुसरा छायाचित्रकार गारव्याला गेला होता, त्याच्या रिकाम्या स्टुलावर लुसिए बसला होता. प्रतिस्पर्धी सेंट लुइस संघाच्या बचावपटूने पाय अडकवला आणि ऑर उडाला. तोवर पक गोलात गेला होता.

त्या सामन्याची चित्रफीत मिळाली तर उडी बघून थांबू नका, ती आठ-दहा सेकंदं मागे घ्या. सेंट लुइसचा खेळाडू रिंकच्या कडेने पक बाहेर काढतोय. नियमाप्रमाणे ऑरने मागे सरायला हवं. पक हुकला तर प्रतिस्पर्ध्यांचे दोघं मोकळे सुटतील आणि मागे एकच बचावपटू असेल. ऑर पुढे जातो, पक अडवतो, गोलामागच्या डेरेक सँडरसन या सहकाऱ्याकडे देतो आणि परत घ्यायला गोलासमोर धावतो. १९७५नंतर आजवर एकही बचावपटू लीगच्या गुणतक्त्यात पहिला आलेला नाही.