स्वल्पविराम नेमका कुणाचा? विभाजक चिन्ह निवडताना

वर्गाची यादी संगणकात भरताना अशी एक ओळ येते:

मीरा, पाली, ता. रत्नागिरी, 5 वी

आपल्याला यात तीन गोष्टी दिसतात: नाव, पत्ता, इयत्ता. पण स्वल्पविरामाने रकाने पाडणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये त्याच चार होतात. पत्त्यातला स्वल्पविराम कुठला आणि रकान्यांमधला कुठला, हे यंत्राला कळत नाही. मग 'ता. रत्नागिरी' इयत्तेच्या रकान्यात जाऊन बसतं. बरं, तालुका गाळावा, तर दुसरं पाली रायगडच्या सुधागड तालुक्यात आहे, बल्लाळेश्वराचं! मीराचं पत्र तिकडे जायचं.

म्हणून पहिला नियम: जे चिन्ह माहितीच्या आत येऊ शकतं, ते विभाजक म्हणून शक्यतो घेऊ नये. युनिक्समध्ये फोल्डरांच्या मार्गांची यादी कोलनने तोडतात. विंडोजमध्ये मार्गातच 'सी:' असा कोलन असतो, म्हणून तिथे अर्धविराम घेतला. जर्मनीत साडेतीन हे 3,5 असं लिहितात, त्यामुळे तिथल्या सीएसव्हीत बहुधा अर्धविरामच असतो.

दुसरा नियम आपल्या देवनागरीसाठी फार महत्त्वाचा: चिन्ह डोळ्यांना वेगळं दिसायला हवं. सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलमध्ये बरेचदा 'गाव: पाली' असं लिहितात. तिथे चुकून विसर्ग टाइप झाला, तर दिसायला दोन्ही टिंबं सारखीच. पण यूनिकोडमध्ये कोलनचा क्रमांक 58 आणि विसर्गाचा 2307. यंत्राला कोलन सापडतच नाही, आणि आपण चूक शोधत बसतो. दंड (2404) आणि उभी रेघ (124) यांचंही तेच.

मग करायचं काय? सेटिंगची रचना आपल्या हातात असेल, तर 'गाव = पाली' असं बरोबरचं चिन्ह घ्यावं. यादीसाठी टॅब बरा, तो पत्त्यात सहसा येत नाही. स्वल्पविरामच ठेवायचा असेल, तर 2005 च्या आरएफसी 4180 या दस्तऐवजात सांगितल्याप्रमाणे पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात घालावा:

मीरा,"पाली, ता. रत्नागिरी",5 वी

आता रकाने बरोबर तीन.

वर्गात हे जरूर करून पाहा. मुलांना पाच पत्ते द्या आणि विचारा, 'यात कुठलं चिन्ह एकदाही आलेलं नाही?' जे उरेल, तोच आपला विभाजक.