दगडखाण वाढते, रस्ता मात्र तोच राहतो



मागील अंकात विक्रमगड तालुक्यातील आपल्या वसतिगृहाबद्दल आपण वाचले असेल. त्याच रस्त्यावर पुढे टेकडीच्या पोटात एक दगडखाण आहे. ती आता बरीच वाढवायची आहे. त्यासाठी पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरीआधी जनसुनावणी व्हायची आहे. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे फादरांनी आणि पाड्यांवरच्या मंडळींनी तो जाडजूड अहवाल माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "यातला रहदारीचा भाग आम्हाला समजावून सांगा."

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही बसलो. मी रहदारीचा तक्ता वाचून दाखवला. त्यात मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर, ट्रक असे रकाने होते. पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या एका वारली आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, या कागदात आम्ही कुठे आहोत?" मी पुन्हा एकदा सगळी पाने चाळली. पायी चालणाऱ्यांचा रकाना नव्हता. हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहीत आहे.

सुनावणी व्हायची असल्यामुळे प्रत्यक्ष अहवालातले आकडे येथे देत नाही. त्याऐवजी हिशेबाला सोपे असे उदाहरण घेतो. रीत समजली की कोणत्याही गावचा अहवाल आपल्याला वाचता येईल.

खाण का वाढते आहे?

आपल्या सह्याद्रीचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. खडीसाठी तो उत्तम. पालघर जिल्ह्यातून दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग जातो, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आणि डहाणूजवळ वाढवण बंदराचे काम हाती घेतले आहे. या सर्वांना खडी हवी. आपल्या चर्चच्या भिंतीतही कुठल्या तरी टेकडीचाच दगड आहे, हे मी विसरत नाही. पाड्यांवरचे काही तरुण खाणीवर कामाला आहेत, काही डंपर चालवतात. त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. म्हणून खाण नकोच, असे म्हणायला मी निघालेलो नाही. वाढीचा भार कोणावर पडणार हे अहवालाने खरेपणाने मोजले आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

टनांच्या खेपा करताना

समजा, खाणीला वर्षाला आणखी ३,६०,००० टन दगड काढायचा आहे. अहवालात वर्षाचे ३०० दिवस धरतात. म्हणजे दिवसाला १,२०० टन. दहा चाकी हायवामध्ये साधारण १६ टन माल बसतो. १,२०० भागिले १६ म्हणजे ७५ खेपा. अहवालात लिहिले जाते, "रोज ७५ वाहनांची वाढ."

येथे दोन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, भरून गेलेला हायवा रिकामा होऊन परत येतो. रस्त्याकडेला राहणाऱ्याच्या दारावरून तो दोनदा जातो. म्हणजे ७५ खेपांच्या १५० फेऱ्या झाल्या. रिकामा हायवा तर जास्त वेगाने येतो, कारण पुढच्या खेपेची घाई असते.

दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या पावसात खाणीत पाणी साचते, बांधकामेही मंदावतात. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर मालवाहतुकीचे खरे दिवस २४० च्या आसपास राहतात. वर्षाचा माल तेवढाच, दिवस कमी. मग दिवसाला १,५०० टन, म्हणजे सुमारे ९४ खेपा आणि १८८ फेऱ्या. दिवसाचे दहा तास वाहतूक धरली तर दर सव्वातीन मिनिटांना एक हायवा. त्यात आधीपासून चालणारे हायवा वेगळेच.

कागदावर ७५ आणि दारावरून १८८. दोन्ही आकडे एकाच टनांतून निघाले आहेत.

"उत्तम" शेऱ्याचा अर्थ

यानंतर अहवालात रस्त्याच्या क्षमतेचा तक्ता येतो. वेगवेगळी वाहने एका मापात आणण्यासाठी मोटारगाडी हे एकक धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे मोटार १, मोटारसायकल किंवा सायकल अर्धा, ट्रक ३, बैलगाडी ८. बैलगाडीला ८ कशासाठी? कारण ती हळू चालते आणि मागच्या वाहनांना अडवते. यावरूनच मोजमापाचा हेतू कळतो: कोण किती अडथळा करतो, हे ते मोजते. पायी चालणाऱ्याला त्या मापात आकडाच नाही.

एकपदरी ग्रामीण रस्त्याची क्षमता सपाटीवर दिवसाला २,००० एकके धरतात, डोंगराळ भागात १,६००. समजा, आपल्या रस्त्यावर आज ३०० एकके रहदारी आहे. अहवाल ७५ ट्रकांचे २२५ धरून बेरीज ५२५ करतो, तिला २,००० ने भागतो आणि ०.२६ हे उत्तर काढतो. तक्त्यात ०.२ ते ०.४ ला "खूप चांगला" असा शेरा आहे.

आता आपला हिशेब करू. १८८ फेऱ्यांचे ५६४, अधिक ३००, म्हणजे ८६४. आपला रस्ता डोंगराळ, म्हणून १,६०० ने भागले तर ०.५४. शेरा एक पायरी खाली येऊन "चांगला" होतो. फक्त एक पायरी! कारण हा तक्ता वाहने अडकून पडतील का, एवढेच विचारतो. वाहने अडकणार नाहीत हे खरेच आहे. पण आपली भीती वाहने अडकण्याची नव्हतीच. ती न अडकता भरधाव जातील, ही आपली भीती आहे.

रस्त्याची रुंदी आणि वळण

पाड्यांना जोडणारा डांबरी रस्ता सहसा ३.७५ मीटर रुंद असतो. मोठ्या मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. हायवा मधून चालला तर दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा हातभर डांबर उरते. साइडपट्टी असली तर पोरे तिच्यावर उतरतात. आमच्या रस्त्यावर पावसाने ती कित्येक ठिकाणी वाहून गेली आहे, आणि मोरीवर तर उतरायला जागाच नाही.

ताशी ४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनाला थांबण्यासाठी पुढचा ४५ मीटर रस्ता दिसायला हवा, असा रस्तेबांधणीचा नियम आहे. वेग ३० असेल तर ३० मीटर पुरतात. मी वसतिगृहाजवळच्या वळणावर टेप धरून मोजले. करवंदीच्या जाळीमुळे ४५ मीटर दिसत नाहीत. याच वळणावरून मुली सकाळी शाळेला जातात. जाळी छाटणे आणि वेग आवरणे याला फार मोठा खर्च नाही, पण कुणीतरी ते अटींमध्ये लिहावे लागते.

रस्ता किती वर्षे टिकेल?

रस्त्याचे आयुष्य वाहनांच्या संख्येपेक्षा आसांवर येणाऱ्या भाराने ठरते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. त्यातून कळले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. जगभरचे अभियंते हा ठोकताळा आजही वापरतात. आपल्याकडे ८.१६ टन भाराचा आस प्रमाण मानतात.

या हिशेबाने, कायद्यात बसेल एवढाच, म्हणजे एकूण २८ टनांचा भरलेला दहा चाकी हायवा रस्त्यावरून एकदा गेला की सुमारे पाच प्रमाण आस गेल्यासारखे होते. रोजचे ९४ भरलेले हायवा म्हणजे ४७० आस, आणि २४० दिवसांत एक लाख बारा हजारांच्या वर. कमी रहदारीचे गावरस्ते दहा वर्षांचे आयुष्य धरून आखतात. समजा, एखादा रस्ता दहा वर्षांत एक लाख आस सोसावेत असा बांधला आहे. तो एका वर्षातच आपले आयुष्य संपवील. २०१८ मध्ये आसभाराची कायदेशीर मर्यादा वाढली, पण त्याआधी बांधलेले गावरस्ते काही जाड झाले नाहीत. मग ज्या खड्ड्यांतून हायवा सहज जातो, त्याच खड्ड्यांतून अडलेल्या बाईला ग्रामीण रुग्णालयात न्यायची रुग्णवाहिका जाते.

कधी मोजले, तेही विचारा

ग्रामीण रस्त्यांची रहदारी सलग सात दिवस, दिवसरात्र आणि वर्षातून निदान दोन वेळा मोजावी, अशी इंडियन रोड्स काँग्रेसची पद्धत आहे. प्रकल्पांच्या अहवालांसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती घेतात, आणि रहदारी कित्येकदा एकदोन दिवसच मोजतात.

आपल्या भागात याचा वेगळाच परिणाम होतो. दिवाळीनंतर कातकरी आणि वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जगायला जातात, भिवंडीकडे, वसईकडे. ती परततात आवणीच्या तोंडावर. फेब्रुवारीत मोजणारा माणूस उभा राहिला तर अर्धे पाडे रिकामे असतात. रस्ता शांत आहे असे तो लिहितो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटेही नसते. पण बाजाराचा दिवस, रेशनचा दिवस, शाळा सुटण्याची वेळ, मोहाच्या दिवसांत पहाटे अंधारात निघणाऱ्या बायका, यांतले त्याला काही दिसलेले नसते.

म्हणून आम्ही स्वतः मोजायचे ठरवले. यात अवघड काही नाही. रस्त्याकडेला दोघे बसतात, एक वही, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, पाच रेघांचा एक जुडगा. वाहनांचे रकाने आहेतच. त्यांच्या आधी आम्ही चार रकाने आखले: चालणारी मुले, डोक्यावर ओझे असलेल्या बायका, म्हातारी माणसे, गुरे. वसतिगृहाच्या मोठ्या मुली आणि पाड्यांवरचे तरुण पाळीपाळीने बसतात. त्यांत एक जण खाणीवरचाच डंपरचालक आहे. तो म्हणाला, "माझी पोरगी पण याच रस्त्याने जाते, सर."

कायदा काय देतो?

१९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. दगड हे गौण खनिजच. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही मिळाला पाहिजे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास घ्यावी लागते, तिचे चित्रीकरण होते आणि मांडलेले मुद्दे शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागतात. आपला मुद्दा त्या नोंदीत आला का, हे तेथेच ऐकून घ्यावे. नुसते ओरडून सांगितलेले हवेत विरते. लेखी दिलेले आणि पोच घेतलेले टिकते.

ग्रामसभेपुढे आम्ही ठेवलेल्या मागण्या अशा:

१. मंजुरीत वर्षाच्या टनांबरोबर दिवसाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा लिहावी.
२. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, तसेच रात्री, डंपर बंद ठेवावेत.
३. वसतिगृह ते शाळा रस्त्याकडेला उंचवट्याची पायवाट खाणीच्या खर्चाने बांधावी. पाड्यांना वळसा घालून खाणीचा वेगळा रस्ता काढता येतो का, हे तपासावे.
४. प्रत्येक गाडीचे वजन करून पावती द्यावी, माल ताडपत्रीने झाकावा. धुळीवर मारायचे पाणी पाड्याच्या विहिरीतून घेऊ नये.
५. रस्त्याची रहदारी पावसाळ्यानंतर, लोक गावात असताना, पायी चालणाऱ्यांसह पुन्हा मोजावी.

मंजुरी मिळाल्यावरही काम संपत नाही. अटी पाळल्याचा अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो मागून वाचणे हे पुढच्या अनेक वर्षांचे काम आहे.

आपण काय करू शकता?

आपल्यापैकी कुणी रस्ते, वाहतूक किंवा कायदा या क्षेत्रात काम केले असेल, तर आमचे हिशेब तपासून द्यावेत. माझी चूक असेल तर ती सुनावणीआधी कळलेली बरी. इंग्रजी अहवालातील प्रकरणे सोप्या मराठीत आणण्यासाठी हात हवे आहेत. मोजणीला बसणाऱ्या मुलांसाठी छत्र्या, वह्या आणि बॅटऱ्या लागतील. त्या आपण वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवू शकता. आणि सुनावणीच्या दिवशी पाड्यांवरची मंडळी न घाबरता बोलतील, यासाठी आपल्या प्रार्थना असू द्या.

गेल्या आठवड्यात ती आजी पुन्हा बाजाराला जाताना दिसली. मोजणीला बसलेल्या मुलीने तिला थांबवून वही दाखवली. "आजी, ही रेघ तुझी." आजीने रेघेवर बोट ठेवून पाहिले, पाटी सावरली आणि ती कडेकडेने पुढे चालू लागली.